होळीची पोळी, चहाचा चमचा आणि 'कधीतरी'चा हिशेब

वहीवाला (धागाकर्ता):

जानेवारीत माझं एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ६.५ला माणूस आत. त्यासोबत एक छापील तक्ता हातात पडला. तळाशी ठळक अक्षरांत 'सणाचे गोड पदार्थ पूर्ण बंद', आणि वर खुशाल 'सकाळ-संध्याकाळ चहा, सोबत दोन बिस्किटं'.

डोकं फिरलं. म्हणून महाशिवरात्र ते होळी असे सोळा दिवस जे तोंडात गेलं ते वहीत उतरवलं. चहा रोज तीन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. आमचा चमचा काट्यावर ठेवला तर सपाट भरून ५ ग्रॅम. म्हणजे सोळा दिवसांत नुसत्या चहातून ४८० ग्रॅम. शिवाय ऑफिसात वाढदिवसांचे केक तीन, खारी-बिस्किटं अकरा दिवस, फरसाणाच्या येता-जाता मुठी सात (या फक्त लक्षात राहिलेल्या), आणि महाशिवरात्रीला साबुदाण्याची खिचडी दोनदा.

आता होळी. बायकोने ३०० ग्रॅम गुळात बारा पोळ्या केल्या, म्हणजे पोळीला २५ ग्रॅम गूळ. मी दोन खाल्ल्या. ५० ग्रॅम.

४८० आणि ५०. आणि बंदी कुणावर, तर पोळीवर! माझं म्हणणं एवढंच की वर्षातून चार-पाच वेळा येणारा पदार्थ आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो, कारण तो दिसतो, त्याला नाव आहे, वास आहे. चिल्लर कुणी मोजत नाही. चहातली साखर आणि फरसाण आटोक्यात आणा आणि होळीला दोन पोळ्या तूप घालून निवांत खा. पटतंय का?

सोमवारपासून:

दोनच? खरं सांगा.

बाकी माझा डाएट सोमवारपासून सुरू होतो. कोणत्या ते अजून ठरायचंय.

शून्यसाखर:

अजिबात पटत नाही. गणित बरोबर आहे, पण ते तुमच्यासारख्या वही ठेवणाऱ्यांचं गणित आहे. ज्याला दोन पोळ्यांवर थांबता येतं त्याला मुळात सल्ला नकोच असतो.

माझं सांगते. दिवाळीत 'चारच शंकरपाळ्या' म्हणून डबा उघडला. चार खाल्ल्या, झाकण लावलं. मालिका बघताना परत चार. रात्री अकराला मी स्वयंपाकघरात दिवा न लावता उभी होते आणि डब्याच्या तळाला राहिलेला चुरा बोट ओलं करून टिपत होते. साठीच्या बाईने हे लिहावं का माहीत नाही, पण लिहिलं.

संक्रांतीपासून गोड बंद. तिळगूळ हातात घेते, गोड बोलते आणि नातवाला देते. पहिले पंधरा दिवस जीव गेला, आता डब्याकडे लक्षही जात नाही. शून्याला हिशेब लागत नाही, वही लागत नाही. 'थोडंसं'मध्ये रोज नव्याने भांडण असतं आणि मी रोज हरते. माझ्यासारखे लोक पुष्कळ आहेत, त्यांना 'निवांत खा' म्हणून तुम्ही डब्याजवळ नेऊन सोडताय.

वहीवाला:

ताई, प्रामाणिक प्रतिसादाबद्दल आभार. पण एक विचारतो. चहा?

शून्यसाखर:

बिनसाखरेचा. पाच वर्षं झाली. आता विचारा.

वहीवाला:

काही विचारायचं नाही.

तुपाचीधार:

इथे वर्धेकडे दोन चमचे तुपाला 'तूप घालणं' म्हणत नाहीत. पोळीसोबत तुपाची वाटी असते आणि पोळी त्यात बुडते. कागदासारखी पातळ पोळी करून वर पुरण खाल्ल्याचं समाधान मानणाऱ्यांनी आधी आमच्याकडे जेवून जावं.

विषयावर: आम्ही साखर वापरत नाही, सगळं गुळाचं. गूळ नैसर्गिक, त्यात लोह असतं. त्यामुळे पोळीची आणि केकची तुलनाच चूक.

पथ्यपाणी:

गुळाचं ऐकून राहवलं नाही. मी आहारतज्ज्ञ आहे, दिवसभर हेच ऐकते. दादा, गूळ ही साखरच. थोडं लोह आणि थोडी खनिजं असतात, पण लोहासाठी गूळ खायचा तर आधी साखर चढेल. रक्ताला कळत नाही की ही साखर गुऱ्हाळातून आली की कारखान्यातून. आणि 'शुगर-फ्री' मिठाईचंही तेच: साखर नसेल, खवा आणि तूप आहेच की.

आता वहीवाल्यांकडे. निदान बरोबर, औषध अर्धवट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली असावी, जमलं तर पाच. दिवसाला २००० किलोकॅलरी धरल्या तर पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम. तुमचा चहाच ३० वर जातो, म्हणून चिल्लरीचा मुद्दा मान्य. पण तुम्ही फक्त साखर मोजलीत. पोळीत कणीक आहे, डाळ आहे, भाजतानाचं आणि वरचं तूप आहे. तुमच्या मापाची एक पोळी साधारण ३०० किलोकॅलरीला जाते. ती पाप नाही, पण ते जेवण आहे, जेवणानंतरचं तोंड गोड करणं नव्हे. लोक चूक करतात ती इथे: आधी दोन साध्या पोळ्या-भाजी, मग भात, मग 'आता एक पुरणाची'. पुरणपोळी साध्या पोळीच्या जागी खायची, तिच्या डोक्यावर नाही.

तसं बघितलं तर होळीचं पान आपल्या आज्यांनी बरं मांडलंय. डाळीत प्रथिनं, कोशिंबीर, आणि डाळ उपसलेल्या पाण्याची कटाची आमटी. आधी कोशिंबीर आणि वाटीभर आमटी पोटात जाऊ द्या, मग पोळी. भाताला त्या दिवशी सुट्टी. जेवून आडवं होण्याऐवजी पंधरा-वीस मिनिटं चाला. ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी बोट टोचून बघा. तुमचं शरीर पोळीला काय म्हणतं ते माझ्यापेक्षा तो आकडा नीट सांगेल.

एक गंभीर सूचना. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी 'काल चापलं म्हणून आज लंघन' असली शिक्षा स्वतःला देऊ नये. साखर धाडकन खाली येऊ शकते. माझ्याकडे सणाच्या दुसऱ्या दिवशी घाम फुटून, हात थरथरत आलेले लोक असतात आणि घरचे सांगतात, काल गोड खाल्लं म्हणून झालं. काल खाल्लं म्हणून नव्हे, आज खाल्लं नाही म्हणून.

पुरणयंत्र:

तुम्ही सगळे खाणाऱ्याच्या बाजूने बोलताय. मी लाटणाऱ्याच्या बाजूने बोलते.

आमच्या घरी माणसं पाच आणि पोळ्या तीस, कारण सासूबाईंच्या मते 'मोजून पुरण शिजवणं दरिद्रीपणा'. मग उरतात. दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर, तिसऱ्या दिवशी तव्यावर कडक करून. म्हणजे तुमची 'वर्षातून एकदा'ची होळी आमच्याकडे तीन दिवस चालते आणि शेवटच्या पोळ्या 'टाकायच्या कशा' म्हणून माझ्या पोटात जातात. मला भूक होती का, कुणी विचारलं नाही. पथ्य पाळणं हा घरातल्या पुरुषाचा कार्यक्रम असतो, शिळं संपवणं बाईचा.

शिवाय आग्रह. 'अर्धी घ्या हो, माझ्यासाठी.' नको म्हणालं तर वाढणारीचा अपमान.

यंदा मी भांडून दोन गोष्टी केल्या. पाऊण किलो डाळीऐवजी पाव किलो शिजवली. आणि पुरणाचा गोळा लिंबाएवढा घेऊन पोळी पुरीपेक्षा जरा मोठी लाटली. तीच डाळ, तोच गूळ, तीच वेलची-जायफळ, पण 'दोन खाल्ल्या' म्हटलं की पूर्वीची एक होते. मामंजींनी तीन खाल्ल्या, समाधानाने हात पुसला. त्यांना मधुमेह आहे आणि पूर्वी ते तीनच खायचे. हिशेब तुम्हीच करा.

सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तेही एक पथ्य झालं.

तुपाचीधार:

पुरीएवढी पुरणपोळी! हे वाचायला नको होतं. (हलके घ्या.) गुळाबद्दलचं मात्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या बाईला सांग, आम्हाला काही झालं नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांनी वेगळं मत दिलं.

ज्वारीचंकणीस:

सगळे होळीवर अडकलेत. आमच्या मराठवाड्यातल्या घरी पुरणाचे दिवस बोटावर मोजण्याइतके: होळी, पोळा, एखादं सोयरं आलं तर. एरवी ज्वारीची भाकरी, वरण, ठेचा. पोळ्याला बैलांनाही पुरणपोळी खाऊ घालायचे, कारण वर्षभर त्यांनी ओढलेलं असायचं. आजोबा चार पोळ्या सहज खायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे शेतात. त्या बैलाने आणि त्या माणसाने पोळी कमावलेली होती.

आपण काय ओढतो? माउस. म्हणून धागाकर्त्याशी माझं भांडण आहे. 'वर्षातून चार-पाच वेळा' हे वाक्य तुम्ही आजोबांच्या काळातून उचललं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. आता होळीची पोळी, पाडव्याचं श्रीखंड, मग आमरस सुरू झाला की दोन महिने रोज वाटी, गणपतीत दहा दिवस मोदक, नवरात्र, दिवाळी, मध्ये लग्नं, मुंज, बारसं, आणि कुणाचं तरी प्रमोशन. प्रत्येक वेळी 'हे कधीतरीच हो'. सगळी कधीतरी एकत्र केली की रोज होतं. चिल्लर चहातच नसते, नोटांचीही चिल्लर होते.

एडिसनकर:

ज्वारीचंकणीस यांना +१. न्यू जर्सीहून लिहितोय. तुमच्याकडे दिवाळी चार दिवस तरी असते. इथे कामाच्या दिवसांत सण नसतो, सगळं शनिवार-रविवारवर ढकललं जातं. त्यामुळे एक दिवाळी मित्रांची, एक मंडळाची, एक मुलांच्या मराठी शाळेची, एक शेजाऱ्यांची, असं करत ती सहज पाच-सहा वीकेंड चालते. प्रत्येक घरी चकली, करंजी, वर कुणाची तरी आई पुण्याहून पाठवते तो चिवडा. तो संपेपर्यंत थँक्सगिव्हिंगची (नोव्हेंबरातल्या अमेरिकी सणाची) गोड 'पाई' आलेली असते.

आम्ही चार कुटुंबांनी ठरवलंय: फराळाचं एकेक घराने एकच करायचं आणि ताटात एकच फेरी. नियम दोन वर्षं टिकलाय. चिवड्यासाठी एकदा मोडला, ते सोडा.

सोमवारपासून:

अवांतर: जुलै २०२५ आठवतोय का? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा म्हटलं आणि बातम्यांत हाकाटी झाली की समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा येणार. शेवटी कुठल्याही पदार्थावर लेबल लावायला सांगितलेलं नाही असा खुलासा सरकारला करावा लागला. आमच्या कँटीनमध्ये त्या आठवड्यात समोसे दुपारी बारालाच संपत होते. शेवटची संधी म्हणून.

शून्यसाखर:

हसले. पण फलकाची कल्पना मला वाईट वाटत नाही. वहीवाल्यांची वही म्हणजे तरी काय, घरातला फलकच.

पुरणयंत्र ताई, तुमचं वाचून एक कबूल करते. माझं 'शून्य' जमतं कारण मी आता एकटी राहते. पाच माणसांच्या घरात, तीस पोळ्यांसमोर, मी पहिल्याच दिवशी हरले असते. तरी इतरांनी मला 'थोडंसं खा गं, काही होत नाही' म्हणू नये, एवढं मागणं आहे. दारू सोडलेल्या माणसाला कुणी असं म्हणत नाही.

पथ्यपाणी:

ताई, तुम्हाला कुणी म्हणणार नाही. ज्याला शून्य सोपं त्याने शून्य पाळावं. ज्याला शून्याने आणखी वखवख सुटते त्याने माप ठरवून घ्यावं, आणि ते पोटभर जेवणासोबत, डब्यातून उभ्याने नाही. एकाच तक्त्यात दोघांना कोंबतात म्हणून तो तक्ता भिंतीवरच राहतो. वहीवाल्यांना मिळालेला तक्ता माझ्या हातून गेला असता तर मी आधी त्यातली बिस्किटं खोडली असती.

आणि परवा संकष्टी आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि तूप. उपास आहे म्हणून ते कुणीच गोडाच्या रकान्यात लिहीत नाही. वहीवाले, तुम्ही निदान लिहिलंत.

वहीवाला:

सगळ्यांचे आभार. ज्वारीचंकणीस, नोटांची चिल्लर हा टोला बसला. वहीला आता 'कधीतरी' नावाचा वेगळा रकाना पाडलाय. आमरसाचे दोन महिने त्यात कसे बसवायचे हा प्रश्न मे महिन्यासाठी राखून ठेवतो. चहाची साखर दोन चमच्यांवरून एकावर आलीय. चव भयानक लागते. लोक म्हणतात तीन आठवड्यांत सवय होते, पाचवा दिवस आहे.

एक दुरुस्ती. काल रात्री बायकोने हा धागा वाचला, काही बोलली नाही. सकाळी वही उघडली तर होळीच्या पानावर 'पुरणपोळी – २' असं मी लिहिलं होतं त्यापुढे तिच्या अक्षरात: 'आणि रात्री साडेदहाला दुधात कुस्करून १. मी जागी होते.'

सोमवारपासून:

मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.

तुपाचीधार:

दुधात? तूप नव्हतं का घरी?