मासिक अहवालांच्या आकड्यांवरून मेळघाटातल्या कामाचं यश ठरवावं का?

रानवाट
मेळघाटातल्या (जि. अमरावती) धारणी तालुक्यातल्या काही गावांत तीन वर्षं चाललेल्या एका बालआरोग्य कार्यक्रमाचा मूल्यमापन अहवाल नुकताच वाचला. निष्कर्ष असा, की बालमृत्यू घटले, कार्यक्रम यशस्वी. मात्र अहवाल लिहिणारे एकाही घरी गेले नव्हते. सगळे आकडे एचएमआयएसमधले, म्हणजे उपकेंद्रापासून जिल्ह्यापर्यंत दरमहा वर जाणाऱ्या अहवालांमधले.

अशी दुय्यम विदा, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच जमवलेले आकडे, वापरूच नये, असं मी म्हणत नाही. पण नुसत्या तिच्या भरवशावर कार्यक्रम पास की नापास ठरवणं मला मान्य नाही. मी याच भागात सहा वर्षं काम केलंय, म्हणून कळकळीने लिहिते आहे.

1969 च्या कायद्याप्रमाणे जन्म-मृत्यूची नोंद घटना जिथे घडते तिथे होते. धारणीचं बाळ अमरावतीच्या दवाखान्यात दगावलं, तर नोंद अमरावतीची. बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, की जन्मही तिकडचाच. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडलेल्या कोरकू आदिवासी कुटुंबाचं बाळ वीटभट्टीवर दगावलं, तर ते बहुतेक वेळा कोणाच्याच रजिस्टरात येत नाही. म्हणजे स्थलांतर वाढलं तरी कागदावर बालमृत्यू कमी होतात.

त्याहून नाजूक गोष्ट ‘उपजत’, म्हणजे मृतच जन्मलेलं, या शब्दाची. जन्मून दोन श्वास घेऊन गेलेलं बाळ उपजत मृत लिहिलं, तर ते अर्भकमृत्यूदरात (हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत गेलेली बाळं) मोजलंच जात नाही. एका शब्दाने दर खाली येतो. आणि हा शब्द लिहिणाऱ्यावर वरून किती दबाव असतो, ते मी पाहिलं आहे.

आकडेवारी_यवतमाळ
मी तालुका पातळीवर हेच अहवाल भरतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. रजिस्टरात चुका आहेत, कबूल. पण त्या दरवर्षी साधारण तेवढ्याच असतात. दहातले तीन मृत्यू दरवर्षी सुटत असतील, तर दर खोटा निघेल, पण तो चढतोय की उतरतोय ते खरंच कळेल. मूल्यमापनाला तेवढं पुरतं.

शिवाय वेगळं सर्वेक्षण करायला पैसे आणि माणसं कोण देणार? आमच्याकडे एएनएमच्या (उपकेंद्रातल्या परिचारिकांच्या) जागा रिकाम्या आहेत. सर्वेक्षणवाले एकदा येतात आणि आईला विचारतात, ‘मागच्या दोन वर्षांत काय झालं?’ गेलेल्या बाळाबद्दल परक्या माणसाशी कोण बोलतं? त्या विदेतही भोकं आहेतच. आमची नोंद निदान दर महिन्याला होते आणि प्रत्येक उपकेंद्राची होते. ती निरुपयोगी ठरवली, तर भरणाराही मन लावून भरणार नाही.

पुसदकर
एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, आहे की. घरोघरी जाऊन केलेलं, स्वतंत्र. त्याच्याशी ताडून बघा.

रानवाट
@पुसदकर, एनएफएचएस एका जिल्ह्यात सुमारे 900 घरं घेतं. त्यातून अमरावती जिल्हा दिसतो, धारणी-चिखलदरा वेगळे दिसत नाहीत. जिल्ह्याच्या पत्रकात अर्भकमृत्यूदर दिलेलाच नसतो. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम 2019 मध्ये झालं. मी म्हणते तो कार्यक्रम त्यानंतर सुरू झाला.

@आकडेवारी_यवतमाळ, माणसांबद्दल लिहिलंत ते पूर्ण पटतं. पण ‘चुका तेवढ्याच राहतात’ इथेच माझा आक्षेप आहे. चांगला कार्यक्रम सगळ्यात आधी नोंदच सुधारतो. गावातली आशा कार्यकर्ती घरी जाऊ लागली, की पूर्वी न कळणारे मृत्यू कळू लागतात. पहिल्या वर्षी दहातले सात लिहिले जायचे, तिसऱ्या वर्षी आठातले आठ लिहिले गेले. मृत्यू कमी झाले आणि कागदावर वाढले! उलट बैठकीत दम भरणारा कार्यक्रम कागदावर उत्तम दिसतो.

गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. त्यात 39 गावांत सेवा होती आणि तुलनेला 47 गावं होती. जन्म-मृत्यू त्यांनी दोन्हीकडे स्वतः मोजले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं त्यांनी 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. सरकारी रजिस्टरावर विसंबून हा दावा टिकला नसता. 2011 पासून देशभरच्या आशांकडे आलेल्या गृहभेटींच्या कामामागे तो पुरावा होता.

आकडेवारी_यवतमाळ
नोंद सुधारल्याने आकडा वाढतो, हा मुद्दा घेतला. पण मग आणखी एक तुम्हीही घ्या. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्षाला 500 जन्म धरा. 20 बाळं गेली तर हजारी दर 40, 15 गेली तर 30. पाच बाळांचा फरक काहीही न करता, नुसत्या योगायोगानेही पडतो. तुम्ही थोडी गावं स्वतः मोजलीत तरी हे टळणार नाही. मोठा आकडा हवा असेल, तर पुन्हा आमच्याच रजिस्टरांकडे यावं लागेल.

आशाताई_मेळघाट
मी 11 वर्सं आशा हाओ. तुमी दोघंबी खरं बोलता. पन एक सांगते. मागच्या साली माह्या पाड्यात दोन लेकरं गेली. दोनीची नोंद मीच केली. मंग मीटिंगमधी मलेच उभं केलं, ‘तुह्याच गावात काहून मरतात?’ बाजूच्या गावचं कोनी काई लिवलंच नवतं, त्याले कोनी विचारलं नाई. आता सांगा, पुढच्या खेपेले मी काय लिहू? तरीबी लिवते. त्या मायनं नऊ महिने पोटात वागवलं, तिचं लेकरू कागदावर तरी असलं पायजे.

आकडेवारी_यवतमाळ
ताई, हे वाचून थांबलो. ज्या बैठकीत मृत्यू दाखवणाऱ्याला उभं करतात, तिथून आलेली विदा मीही मूल्यमापनाला वापरणार नाही. रजिस्टर टाकून द्या, हे मला अजूनही मान्य नाही. पण दर तालुक्यात दहा गावं निवडून, बाहेरच्या माणसांनी वर्षातून एकदा जन्म-मृत्यू मोजून रजिस्टराशी ताडावेत. किती सुटतात ते कळलं, की आमचेही आकडे वापरता येतील. एवढा खर्च झेपेल.

रानवाट
हे मला मान्य आहे. फक्त मोजणी मार्चअखेरच्या अहवालाच्या घाईत, निम्मी घरं बंद असताना करू नका.

आशाताई_मेळघाट
होळीच्या हप्त्यात या. कामाले गेलेले सारे तवा घरी येतात. मी संगं फिरीन.