ईसीडब्ल्यूचा निरोपाचा शो नक्की कोणता धरायचा?

चौथी_दोरी
मंडळी एक प्रश्न आहे, दुसऱ्या एका ग्रुपवर विचारला तर तिथे दोन मिनिटांत 'अरे ते सगळं खोटं असतं' वाली जत्रा भरली म्हणून इथे टाकतोय. मी सध्या जुनं ईसीडब्ल्यू (एक्स्ट्रीम चॅम्पियनशिप रेसलिंग, अमेरिकेतली कुस्तीची कंपनी) बघतोय, म्हणजे २००६ नंतर डब्ल्यूडब्ल्यूईने काढलेलं गुळगुळीत ईसीडब्ल्यू नाही, फिलाडेल्फियाच्या बिंगो हॉलमधलं अस्सल. १९९७ च्या बेअरली लीगलपासून एकेक पे-पर-व्ह्यू (टीव्हीवर वेगळे पैसे भरून बघायचा मोठा शो) बघत बघत ७ जानेवारी २००१ च्या गिल्टी ॲज चार्ज्डला पोचलो. सँडमन जिंकला, लगेच ऱ्हायनो आला, त्याला आपटून चॅम्पियनचा बेल्ट घेऊन गेला, शो संपला. आणि पुढे काहीच नाही! मला वाटलं सगळे रिंगमध्ये येतील, मालक पॉल हेमन माइक घेईल, रडारड होईल, निदान एक बीअर तरी फुटेल. पण पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू अशा थाटातच सगळं चालू.

आता नेटवर कोणी म्हणतं खरा शेवटचा शो त्यानंतर आठवड्याने अर्कान्सासमध्ये झाला, कोणी म्हणतं डब्ल्यूडब्ल्यूईने २००५ मध्ये केलेला वन नाइट स्टँड हा शोच खरा निरोप. तुम्ही कोणता धरता? आणि एवढी गाजलेली कंपनी अशी न सांगतासवरता बंद कशी पडते?

पत्रा_शेड
कागदावर बघायचं तर उत्तर सोपं आहे भावा, १३ जानेवारी २००१, पाइन ब्लफ, अर्कान्सास. हाऊस शो होता, टीव्हीवर नाही, पे-पर-व्ह्यूवर नाही. आदल्या रात्री मिझुरीतलं पॉप्लर ब्लफ आणि मग हे. ज्या कंपनीच्या नावाने अख्खं फिलाडेल्फिया बोंबलायचं ती संपली कुठे तर दक्षिणेतल्या एका छोट्या गावात, आपल्या घरच्या पब्लिकपासून हजारेक मैल लांब.

आणि निरोप का नाही घेतला याचं उत्तर म्हणजे अधिकृतपणे ती संपलीच नव्हती रे. ११ मार्चला लिव्हिंग डेंजरसली हा पे-पर-व्ह्यू ठरलेला होता, तो रद्द झाला. मार्चमध्ये पॉल हेमन थेट डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (म्हणजे आताच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) रॉ या टीव्ही शोवर जेरी लॉलरच्या जागी कॉमेंट्री करायला बसला तेव्हा लोकांना कळलं काय ते. दिवाळखोरीचा अर्ज ४ एप्रिल २००१ ला. म्हणजे शो बंद पडले जानेवारीत, मालक दुसरीकडे नोकरीला लागला मार्चमध्ये आणि कंपनी बुडाल्याचं कोर्टात सांगितलं एप्रिलमध्ये. यात निरोप घेणार कोण आणि कधी?

केंडोकाका
पत्र्याने तारखा दिल्या, मी पैशाचं सांगतो, कारण मला या सगळ्यात तोच भाग जास्त इंटरेस्टिंग वाटतो.

दिवाळखोरीच्या कागदांत देणी दाखवलीयेत ८८ लाख ८१ हजार डॉलरच्या आसपास आणि मालमत्ता जेमतेम १३ लाख ८५ हजार. त्या मालमत्तेतही ८ लाख ६० हजार म्हणजे इतरांकडून येणं बाकी असलेले पैसे, पे-पर-व्ह्यूवाले, व्हिडिओ गेमवाले, खेळण्यातले बाहुले काढणारे. ५ लाखांची जुनी टेपांची लायब्ररी. मग १९९८ चा एक फोर्ड ट्रक, साडेएकोणीस हजारांचा. आणि उरलेले टीशर्ट वगैरे माल ४ हजारांचा. एवढ्या क्रांतीचा शेवटी हिशोब काय तर एक ट्रक आणि ४ हजाराचे टीशर्ट.

आता हे झालं कसं. ऑगस्ट १९९९ मध्ये टीएनएन चॅनेलवर देशभर दिसायला लागले, सगळ्यांना वाटलं आता सुटलो. पण चॅनेलने जाहिरात धड केली नाही, हेमन इतका वैतागला की त्याने सायरस नावाचा 'नेटवर्कचा माणूस' व्हिलन म्हणून शोमध्येच घातला आणि ज्यांच्या चॅनेलवर शो चाललाय त्यांनाच शिव्या घालायला सुरुवात केली (हे धाडस म्हणायचं की काय म्हणायचं मला अजून ठरवता आलेलं नाही). मग टीएनएनला डब्ल्यूडब्ल्यूएफ मिळालं, सप्टेंबर २००० मध्ये रॉ तिथे गेला, ऑक्टोबरात ईसीडब्ल्यूचा गाशा गुंडाळला. आणि आपल्याला चॅनेल म्हटलं की जाहिरातीचे पैसे डोळ्यासमोर येतात, पण या धंद्यात छोट्या कंपनीला देशभरचं चॅनेल म्हणजे प्रॉडक्शनचा खर्च आधी वाढतो आणि पे-पर-व्ह्यूचे पैसे येतात कितीतरी महिन्यांनी, तोपर्यंत पैलवान पोरांना द्यायचं काय? चेक बाऊन्स व्हायला लागले. पैसे थकले म्हणून रॉब व्हॅन डॅम महिनोन्महिने आला नव्हता, म्हणूनच गिल्टीमध्ये जेरी लिनसमोर त्याची एंट्री झाली तेव्हा पब्लिकने छप्पर डोक्यावर घेतलं.

माझं उत्तर विचारशील तर मी शेवट धरतो १३ एप्रिल २००० ला. इंडियानापोलिस. माइक ऑसम ईसीडब्ल्यूचा चॅम्पियन असताना डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या नायट्रो या टीव्ही शोवर जाऊन उभा राहिला, मग वकिलाबिकिलांची मध्यस्थी होऊन तो बेल्ट हरायला एका रात्रीपुरता परत आला आणि त्याला हरवलं कुणी तर टॅझने, जो तोवर डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पगारावर होता. म्हणजे एका मोठ्या कंपनीचा माणूस दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या माणसाकडून तिसऱ्याच कंपनीचा बेल्ट घेतोय. घरात लग्न आणि नवरा-नवरी दोघंही शेजारच्यांची. त्यानंतर नऊ महिने चाललं ते फक्त ओढत नेणं.

लालमाती_ते_टेबल
काका हिशोब मान्य पण निष्कर्ष अजिबात नाही. ओढत नेणं काय? गिल्टी ॲज चार्ज्ड बघितलाय का नीट? टॉमी ड्रीमर आणि सीडब्ल्यू अँडरसनची आय क्विट मॅच (समोरच्याच्या तोंडून 'हरलो' वदवून घ्यायची) बघा परत. महिनोन्महिने पैसे न मिळालेली माणसं ती मॅच खेळतायत हे डोक्यात ठेवून बघा.

आणि दोरी, तू म्हणतोस निरोप नव्हता, मला तर मेन इव्हेंटच निरोप वाटतो. कोरिनो, जस्टिन क्रेडिबल आणि सँडमन, टेबलं, शिड्या, खुर्च्या. म्हणजे ईसीडब्ल्यूने जगाला जे काही दिलं ते सगळं सामान एकाच मॅचमध्ये रिंगमध्ये आणून टाकलं. जिंकवला कुणाला, तर सँडमनला. ज्याला कुस्तीतलं धड काही येत नाही, जो बीअरचा कॅन कपाळावर फोडत पब्लिकमधून पाच-पाच मिनिटं चालत येतो, तो. पण ईसीडब्ल्यूचा चेहरा तोच होता. त्याच्या हातात बेल्ट दिला आणि मग तिथल्या तिथे ऱ्हायनोकडे गेला, ऱ्हायनो तेव्हा तरणाबांड पोरगा, कंपनीचा दुसरा, टीव्ही चॅम्पियनचा बेल्टपण त्याच्याकडेच. जुन्याने नव्याला देऊन जाणं. हेमनला माहीत होतं हो, तोंडाने नाही बोलला एवढंच.

पत्रा_शेड
@लालमाती हे तू नंतरचं माहीत असल्यामुळे वाचतोयस त्यात. ऱ्हायनोला पुढे चालवायचा प्लॅन होता म्हणून बेल्ट दिला, बुकिंग होतं ते साधं, म्हणजे कोणाला कधी जिंकवायचं याची आखणी. पुढे चालवायलाच कंपनी उरली नाही.

लालमाती_ते_टेबल
असेल. पण सँडमनला मध्ये दोन मिनिटांसाठी चॅम्पियन करायची काय गरज होती मग? थेट ऱ्हायनोला चौथा घालायचा मॅचमध्ये. सांग.

एडिसनवाली
मी न्यू जर्सीत राहते, नवरा फिलाडेल्फियाचा, ईसीडब्ल्यूचा वेडा फॅन त्यामुळे मलाही लागलं. ती बिंगो हॉलची जागा अजून आहे बरं का, स्वॅन्सन आणि रिटनर स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, आय-९५ हायवेच्या पुलाखाली, आता २३०० अरेना म्हणतात, नूतनीकरण केलंय, अजूनही तिथे कुस्त्या आणि बॉक्सिंग होतं. बाहेरून बघितलं तर गोडाऊन वाटेल. इथूनच देशभराची कुस्ती बदलली हे कुणाला सांगून पटणार नाही.

तुमच्या प्रश्नावर माझं मत वेगळं आहे, निरोप २००५ मध्येच झाला, पण एक नाही दोन झाले आणि दोन दिवसांच्या अंतराने. १० जूनला ईसीडब्ल्यूचा जुना पैलवान शेन डग्लस याने याच हॉलमध्ये हार्डकोअर होमकमिंग केला आणि १२ जूनला डब्ल्यूडब्ल्यूईने न्यूयॉर्कच्या हॅमरस्टीनमध्ये वन नाइट स्टँड केला. गंमत बघा, डब्ल्यूडब्ल्यूईने २००३ मध्ये दिवाळखोरीतून ईसीडब्ल्यूचं नाव, टेपा सगळं विकत घेतलेलं, त्यामुळे ज्यांच्याकडे खरा हॉल होता त्यांना पोस्टरवर ती तीन अक्षरं लिहिता येत नव्हती आणि ज्यांच्याकडे अक्षरं होती त्यांना हॉल नको होता.

हा तोच शेन डग्लस ज्याने २७ ऑगस्ट १९९४ ला याच हॉलमध्ये एनडब्ल्यूए या जुन्या कुस्ती संघटनेचा वर्ल्ड बेल्ट जिंकून जमिनीवर फेकला होता आणि त्यामुळे कंपनीच्या नावातलं ईस्टर्नचं एक्स्ट्रीम झालं. ज्याने नारळ फोडला त्यानेच येऊन विसर्जन केलं असं मला वाटतं म्हणून मी होमकमिंगला मानते. मेन इव्हेंट साबू, टेरी फंक आणि डग्लस, दोऱ्या काढून काटेरी तार. फंक साठ वर्षांचे होते हो तेव्हा! साबू जिंकला. फंक २०२३ मध्ये गेले, साबू २०२५ मध्ये.

वन नाइट स्टँडपण वाईट नव्हता, उलट मस्तच. ऑसम आणि तनाकाची मॅच बघून अजून पोटात गोळा येतो. आणि हेमनने बाल्कनीत बसलेल्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या जेबीएल आणि एजला जे सुनावलं ते तर कळस. पण ते पाहुण्याच्या घरी आपलं बारसं केल्यासारखं होतं, यजमान चांगले, जेवण चांगलं, पण घर आपलं नाही.

हायाबुसा_फॅन_कराड
तुम्ही सगळे अमेरिकेत अडकलात. निरोप कसा असतो ते जपानकडून बघा. ५ मे १९९५, कावासाकी स्टेडियम, एफएमडब्ल्यू ही तिथली कुस्ती कंपनी, तिचा संस्थापक ओनिताची निवृत्ती. समोर हायाबुसा, काटेरी तारेचा स्फोट होणारा पिंजरा, पन्नास हजारांच्या वर पब्लिक सांगतात (या धंद्यातले आकडे थोडे फुगवलेले असतात हे धरून चाला). ओनिता जिंकला, रडला, पब्लिक रडलं, नव्या पोराच्या खांद्यावर कंपनी टाकून गेला. सगळं कसं पद्धतशीर. आणि मग १९९६ संपायच्या आत परत आला 😂

आता गंभीर. एफएमडब्ल्यूचा खरा शेवट त्या सोहळ्यात नव्हताच. २२ ऑक्टोबर २००१ ला हायाबुसाचा दोरीवरून उडी मारताना पाय घसरला आणि मानेवर पडला, पांगळा झाला, आणि फेब्रुवारी २००२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत. वर्षभरापूर्वी ईसीडब्ल्यू गेली, मागोमाग ही. हायाबुसा १९९८ च्या हीट वेव्ह या शोला ईसीडब्ल्यूमध्ये येऊन गेलाय, शिनझाकीला घेऊन, समोर रॉब व्हॅन डॅम आणि साबू. ती मॅच बघ दोरी, बघितली नसशील तर. तर माझं म्हणणं, ठरवून केलेला निरोप या धंद्यात टिकत नाही, कुणीतरी परत येतंच. न ठरवता झालेलाच खरा. त्यामुळे मी पाइन ब्लफच्या बाजूने.

टीपी_ओन्ली
रक्त काढून घेणाऱ्या माणसांसाठी एवढं रडताय सगळे. १९९६ मध्ये रेव्हिअर गावातल्या ईसीडब्ल्यूच्या शोला काय झालं होतं ते पण लिहा की. सतरा वर्षांचं पोरगं वय खोटं सांगून रिंगमध्ये आलं, काही ट्रेनिंग नाही, आणि ईसीडब्ल्यूच्या न्यू जॅक या पैलवानाने त्याचं कपाळ असं कापलं की मरता मरता वाचलं. त्याच्यावरून पहिला पे-पर-व्ह्यू जवळजवळ रद्द झाला होता. असली कंपनी बंद पडली ते बरंच झालं.

केंडोकाका
@टीपी ते झालं आणि घाणच झालं, त्यावर कुणी पांघरूण घालू नये. पण तेवढंच ईसीडब्ल्यू नव्हतं. रे मिस्टेरिओला अमेरिकेत पहिल्यांदा धड रिंग दिली ती यांनी, १९९५ मध्ये. एडी गरेरो आणि डीन मलेंको शुद्ध कुस्ती लढायचे त्याच हॉलमध्ये जिथे दुसऱ्या मॅचला लोक घरून तवे घेऊन यायचे.

आणि दोरी, निरोपच बघायचा असेल ना तर त्या दोघांची २६ ऑगस्ट १९९५ ची मॅच बघ. दोघं डब्ल्यूसीडब्ल्यूला चाललेले, सगळ्यांना माहीत. तीनपैकी दोन फॉल जिंकायचे अशी मॅच, बरोबरीत सुटली. हे तेच पब्लिक जे कंपनी सोडणाऱ्याला 'विकला गेलास' म्हणून ओरडायचं, ते उभं राहून जाऊ नका म्हणून ओरडत होतं आणि दोघंही रिंगमध्ये रडत होते. कंपनीला स्वतःचा निरोप जमला नाही पण दुसऱ्याला द्यायला बरोबर यायचं.

चौथी_दोरी
बाप रे, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं. एडी-मलेंको आत्ताच शोधून बघितली, काका थँक्स, यावर वेगळा धागा काढावा लागेल.

पटलं कुणाचं विचाराल तर पत्र्याचं तारखेपुरतं आणि एडिसनवाली ताईंचं बाकी सगळ्यासाठी. लालमातीची सँडमनवाली थिअरी भारी आहे पण मला ते बुकिंगच वाटतं राव. फक्त एक सांगा, होमकमिंग आणि वन नाइट स्टँड दोन्ही बघायचेत तर आधी कोणता लावू? आणि २०१० मध्ये टीएनए या दुसऱ्या कुस्ती कंपनीने पण एक निरोप केला होता म्हणे ऑर्लँडोत, तो बघण्यासारखा आहे का?

एडिसनवाली
आधी होमकमिंग, मग एक दिवस सोडून वन नाइट स्टँड, लोकांनी बघितलं त्याच क्रमाने. टीएनएचा हार्डकोअर जस्टिस म्हणतोयस, ८ ऑगस्ट २०१०. त्यांनाही नाव वापरता येत नव्हतं. ड्रीमर आणि रेवनची मॅच तेवढी बघ, मिक फोली हा नावाजलेला पैलवान रेफरी आहे. बाकी पळवत बघितलं तरी चालेल.

लालमाती_ते_टेबल
बुकिंग म्हणे. पत्र्याने माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही हे सगळ्यांनी नोंद घ्यावी.