पर्यटन धोरण २०२४: नागपूर-रामटेकपर्यंत काय पोचलं?

सिताबर्डीकर: जुलै २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं दहा वर्षांचं पर्यटन धोरण मंजूर केलं. लक्ष्य एक लाख कोटींची गुंतवणूक, १८ लाख रोजगार. २०२० मध्ये हॉटेल व्यवसायाला उद्योगाचा दर्जा दिला, तेव्हाही असाच आनंद झाला होता. वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दरानं लागणार होते. रामटेक रस्त्यावर आमचं आठ खोल्यांचं लॉज आहे. नोंदणीचे कागद घेऊन कर भरायला गेलो, तर उत्तर मिळालं, "आमच्याकडे वरून पत्र नाही." दोन वर्षं तेच ऐकतोय. निर्णय पर्यटन खात्याचा, पण कर दुसऱ्याच्या हातात, वीज तिसऱ्याच्या आणि जंगल वनखात्याच्या. पेंच व्याघ्र प्रकल्पात सफारीच्या गाड्या वाढवा म्हटलं की तिथंही नाहीच. या सगळ्यांना बांधील धरणारा एक अधिकारी जिल्ह्यात हवा.

पेंचकाठचा: कराचं पटलं. गाड्यांचं अजिबात नाही भाऊ. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं, आठवा. वाघीण आणि तिचे बछडे गाड्यांच्या मधात अडकले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरचा, म्हणजे आतल्या गाभ्याचा, जास्तीत जास्त २० टक्के भागच पर्यटनाला, हे २०१२ पासून देशभर ठरलेलं आहे. मी जिप्सीवर गाईड आहे. गाड्या वाढल्या तर चार पैसे मलाच मिळतील, तरी नको म्हणतो. वाघच बुजला तर तुमच्या आठ खोल्यांत राहणार कोण?

गडाखालची: तुम्ही दोघंही वाघापाशीच अडकलात. पाहुणा विमानतळावर उतरतो, तो थेट ताडोबा नाहीतर पेंच. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरात वाकाटक राजांच्या काळातला शिलालेख आहे. मनसर जवळच, तिथं उत्खननात निघालेले वाकाटककालीन अवशेष आहेत. मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या मैत्रिणींना घेऊन गेले. शिलालेखासमोर उभ्या राहिलो, पण तो काय सांगतो हे समजावणारं कोणीच भेटलं नाही. याला कोणत्या खात्याची परवानगी लागते? माणसं तयार करा, संध्याकाळी परतीच्या बस वाढवा. धोरणाच्या पैशावर पहिला हक्क याचा.

सिताबर्डीकर: ताई, माणसं तयार कराल, पण वर्षभर त्यांचं पोट कसं भरणार? रामटेकला गर्दी यात्रेची. दर्शन झालं की लोक परत. मुक्कामी पाहुणा वाघासाठीच येतो, हे मी रोज रजिस्टरात पाहतो. गाड्यांचा हट्ट सोडतो, कऱ्हांडल्याचं मलाही लागलं होतं. पण नुसत्या शिलालेखावर घर चालणार नाही.

पेंचकाठचा: वर्षभर कशाला? १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, आम्हा गाईडांपैकी बरेच जण घरी बसतात. कालिदासाचं मेघदूत रामगिरीचं, म्हणजे आपल्या रामटेकचंच मानतात, आणि तेही आषाढातलं. ऐन तेव्हाच आम्ही रिकामे असतो. उन्हाळ्यात आम्हाला वाकाटक शिकवा, पावसाळ्यात गडावर आम्ही उभे राहू. ताई, तुमच्याकडे शिकवणारं कोणी असेल तर सांगा. आमच्या गेटवरची सात-आठ पोरं मी आणतो.