भाच्याच्या बल्बासॉरले मोठं होऊ द्यायचं नाही, एव्हरस्टोन कोठं भेटते?

पराटीवाला_मामा
रामराम मंडळी. मी काही गेम खेळनारा माणूस नाही, पन अडलो म्हणून इचारून रायलो. बहिणीचं पोट्टं दिवाळीच्या सुट्ट्यात आमच्याकडं आलं आहे, आठ वर्षाचं, आमचं गाव दारव्ह्याच्या अंगाला. माझ्या जुन्या मोबाईलवर कोनीतरी पोकेमॉन फायररेड टाकून देल्ला अन आता थे पोट्टं जेवाले बी उठत नाही. त्याचा बल्बासॉर (गेममधला लढनारा प्राणी) आहे, लेव्हल 15. शेजारच्या पोट्ट्यानं सांगतलं का 16 ले हा बदलते, पाठीवरची गाठ फुलते अन इवीसॉर होते. तवापासून त्यानं लढाईच बंद केली. नुसता गुहेच्या तोंडाशी उभा रायते. म्हणते मामा माह्या तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल कई मोठा झाला का, मंग हा काहून होते. मी म्हणलं बाप्पा गोऱ्हा असते थो बैल होतेच. तर रडाले लागला.

बी बटण दाबून धरलं का थांबते असं समजलं, पन मोबाईल मागच्या महिन्यात मोटरीच्या पेटीवरून पडला अन बी बटण येते नेमकं तिथंच काचेले टच नाही. म्हणजे बी बटण बी चालत नाही. एव्हरस्टोन नावाचा दगड असते म्हणे, थो देल्ला का काम होते. कोठं भेटते थो? आन्ही ब्रॉकले (गेममधला पयला मोठा खेळाडू) हरवलं आहे, माउंट मूनच्या गुहेपाशी हाओत.

हॉस्टेलचा_पंखा
अबे मामा सोपं आहे ना, बटण सरकव. इम्युलेटरच्या, म्हणजे हा गेम ज्या अ‍ॅपवर चालते त्याच्या, सेटिंगमध्ये स्क्रीनवरच्या बटणांची जागा बदलायचा पर्याय असते, बी ले बोटानं ओढून वर घे जिथं काच चांगली आहे तिथं. दगडगिगड काही लागत नाही. आणि बी नसताना तुमी इथवर आलेच कसे बे, धावता बी येत नसंन, धावायची बुटं भेटून बी पायीच फिरून रायले.

पराटीवाला_मामा
सरकवलं दादा, जमलं, धन्यवाद, पोट्टं आता गुहेत धावत सुटलं. पन एक अडचण आहे. मी दिवसभर वावरात, कापूस वेचाले बाया लावल्या आहेत, थो एकटा खेळते. बी दाबाचं इसरला का झालं. अन परत परत इचारते म्हणे प्रत्येक लेव्हलले. म्हणून दगडच पायजे.

वरुडची_संत्री
मामा, बरोबर समजलं तुम्हाला. बी दाबणं म्हणजे फक्त त्या वेळेपुरतं नाही म्हणणं, 16 ला थांबवलं तर 17 ला परत विचारते, 18 ला परत. एव्हरस्टोन हातात देऊन ठेवला की तो प्रसंगच येत नाही, लेव्हल वाढत राहते, अंग तेवढंच. जपानीत त्याचं नावच मुळी न बदलणारा दगड असं आहे. आमच्या घरी त्याला जैसे थे दगड म्हणतात, कारण आमच्या बाबांचा बांधाचा वाद कोर्टात आहे आणि तिथं इतकी वर्षं तोच एक आदेश आहे.

आता कुठं मिळतो ते. तुमच्या समोरच्या गुहेतच आहे, पण असा पडलेला नाही. तिथं जे दगडासारखे दोन हातवाले जिओडूड भेटतात ना, त्यातल्या एखाद्याच्या हातात असतो. वीसातल्या एकाच्या, म्हणजे 5 टक्के. कोणाजवळ आहे ते लढताना कळत नाही, पकडल्यावर त्याची माहिती उघडून पाहायची, तिथं वस्तूचं नाव लिहिलेलं असते. मग तो काढून बल्बासॉरला द्यायचा, पोकेमॉनच्या यादीत जाऊन आयटम मग गिव्ह. यादीत त्याच्या चित्राजवळ बारकं चिन्ह दिसलं की दिलं समजायचं.

आता महत्त्वाचं, नीट वाचा. बल्बासॉर 15 वर आहे म्हणजे त्याला स्लीप पावडर (समोरच्याला झोपवायचा डाव) आलेली असेल, तीही 15 लाच येते. जिओडूड समोर आला की स्लीप पावडर टाका, झोपला की पकडायचा बॉल फेका. व्हाइन व्हिप चुकूनही मारू नका, जिओडूड दगड आणि माती दोन्ही प्रकारचा, गवताचा मार त्याला चौपट लागतो, एका फटक्यात संपेल आणि वरून त्याचा अनुभव मिळून बल्बासॉर 16 ला जाईल, म्हणजे ज्याची भीती तेच. पकडल्यानं या जुन्या गेममध्ये अनुभव मिळत नाही (नव्या गेमांत मिळतो, तिथं ही युक्ती चालली नसती), म्हणून पन्नास जिओडूड पकडले तरी तुमचा बल्बासॉर 15 वरच राहील. गुहेत माणसं अडवतात त्यांच्याशी मात्र दुसऱ्या कोणाला लढवा.

बॉल 200 रुपयाला एक, भरपूर घेऊन जा. आणि गुहेच्या आधीच्या दवाखान्यात एक माणूस 500 मध्ये मॅजिकार्प विकते, पोराला त्याच्यापासून लांब ठेवा 😄 माझ्या लहान भावानं घेतला होता, नुसता उड्या मारते.

लेव्हल_शंभर_बुलढाणा
मला एक समजत नाही, अडवायचंच कशाला? बल्बासॉरची सगळी ताकद मिळून 318, इवीसॉर 405, वीनसॉर 525. म्हणजे 32 ला जो वीनसॉर होणार त्याला तुम्ही जन्मभर बालवाडीत बसवून ठेवणार. पुढं एलिट फोर (शेवटचे चार दांडगे खेळाडू) आहे, तिथं हा बारका काय करणार, ड्रॅगनवाला लान्स फुंकर मारंल अन उडून जाईल. लेकराले समजवा ना, शिकवा, वाढणं चांगलं असते म्हणून.

वरुडची_संत्री
ताकदीचं बरोबर आहे तुमचं, पण तेवढंच पाहू नका ना. लहान राहिला की डाव लवकर शिकतो. रेझर लीफ बल्बासॉरला 20 ला येते, इवीसॉरला 22 ला. हा फरक काही नाही, पण सोलरबीम बघा, बल्बासॉरला 46, इवीसॉरला 56 आणि वीनसॉरला थेट 65. जाणते खेळाडू सुद्धा मुद्दाम थांबवून ठेवतात, डाव शिकवतात आणि मग दगड काढून घेतात. दगड काढला की पुढच्या लेव्हलला होतोच मोठा, काही कायमचं नुकसान नाही. आणि आठ वर्षाचं लेकरू एलिट फोरला जाते की नाही ते त्यालाच ठरवू द्या, सुट्ट्या दहा दिवसाच्या आहेत.

लेव्हल_शंभर_बुलढाणा
सोलरबीमचं मला खरंच माहीत नव्हतं. ठीक आहे. तरी हातात दगड धरला म्हणजे दुसरं काही धरता येत नाही हे तर मानाल, एक्स्प शेअर नाही, लेफ्टओव्हर्स नाही.

वरुडची_संत्री
ते मानते. ती किंमत आहेच.

चार्जिंग_2टक्के
मामा एक मोबाईल दुकानवाला मले म्हणला होता का एव्हरस्टोन देल्ला का लेव्हल बी वाढत नाही, अन आतून पोकेमॉन कमजोर होते. म्हणून मी कई वापरलाच नाही. अन पिकाचूले बी द्यावा लागंन का? आमच्या पोरीजवळ आहे, तिले बी रायचू नको.

हॉस्टेलचा_पंखा
दुकानवाल्यानं चार्जर विकावं, ज्ञान विकू नये. लेव्हल बराबर वाढते, ताकद बी लेव्हलप्रमाणं वाढते, काही कमजोर होत नाही. पिकाचूले काहीच द्यायची गरज नाही, थो लेव्हलनं मोठा होतच नाही, त्याले आपण होऊन थंडर स्टोन लावला तरच रायचू होते. ग्रोलिथचं बी तसंच, फायर स्टोन. टीव्हीवरच्या पिकाचूनं बी थो दगड नाकारला होता आठवते ना. पोरीले सांगा बिनधास्त खेळ. आणि उलटं, फायररेडमध्ये गोलबॅट कितीही माया लावा क्रोबॅट होत नाही, लोक समजतात हातात एव्हरस्टोन आला का काय, पण थे नॅशनल डेक्स (पोकेमॉनची मोठी यादी) भेटेपर्यंत गेमच अडवून ठेवते. मी दोन वर्ष त्यात घालवले, बारावीचे.

मास्तर_अर्जुनी
वरील ताईंच्या वीसात एक या वाक्यावर थोडं बोलतो, सवयच आहे. वीसात एक म्हणजे विसावा जिओडूड हमखास दगड घेऊन येईल असं समजू नका, पोरगं तसंच समजेल आणि एकविसाव्याला मोबाईल फेकून देईल. प्रत्येक वेळी 95 टक्के रिकामाच. तसे वीस पकडूनही शंभरातल्या जवळपास 36 जणांच्या हाती काहीच लागत नाही. तिसऱ्याला मिळेल नाहीतर साठाव्याला. मासोळीसारखं आहे, गळ टाकून बसायचं. वर्गात हे मी नाणं उडवून शिकवतो, जिओडूडनं शिकवलं असतं तर जास्त पोरं पास झाली असती.

आणखी एक, त्याच गुहेत टीएम 46 (पोकेमॉनला नवा डाव शिकवणारी वस्तू) पडलेली आहे, थीफ. ती झुबॅटला (गुहेतलं वटवाघूळ) शिकवली तर मारतानाच समोरच्याची वस्तू चोरून आणते, बॉल वाचतात. दोन अटी, झुबॅटच्या स्वतःच्या हातात काही नसावं, आणि टीएम या गेममध्ये एकदाच वापरता येते, तेव्हा विचार करून द्या. दगड असेल तर आपोआप येतो, नसेल तर नाही. लेकराला चोरी शिकवायची की नाही तो मामाचा प्रश्न.

पराटीवाला_मामा
सगळ्यायले धन्यवाद. काल रात्री जेवन झाल्यावर बसलो दोघं. चोरी नको म्हणला पोट्टा, पकडूच म्हणला. झुबॅटच झुबॅट निंघते हो त्या गुहेत, आमच्या जुन्या वाड्यात वटवाघळं नसतीन तेवढे, दहा झुबॅट मांगं एखादा जिओडूड. सात पकडले, एकाजवळ बी दगड नाही. मंग लाइन गेली, मोबाईल 9 टक्क्यावर, मी म्हणलं झोप आता. मास्तरचं गणित त्याले सांगतलं तर म्हणते म्हणजे मी त्या 36 मधलाच हाओ.

एक इचाराचं रायलं, समजा चुकून झालाच मोठा तर परत लहान करता येते का?

वरुडची_संत्री
नाही मामा, मागं फिरता येत नाही. एकच वाट आहे आणि ती फार लांब. गेम संपवायचा, 60 प्रकारचे पोकेमॉन जमवायचे, मग पुढं फोर आयलंडवर जायला मिळते, तिथल्या डे केअरमध्ये त्याला डिट्टो नावाच्या पोकेमॉनसोबत ठेवलं की अंडं मिळते, त्यातून नवा बल्बासॉर निघतो. डिट्टो 13, 14, 15 नंबरच्या रस्त्यावर भेटतो. पण तो नवा असतो, पोराचा पहिला नाही, आणि पोरांना हा फरक बरोबर कळतो. म्हणून लढाईच्या आधी सेव्ह करून ठेवा, तेच बरं.

पराटीवाला_मामा
भेटला!! तेराव्याले. मी वावरात होतो, पोट्टं धुऱ्यावरून पळत आलं मोबाईल घेऊन, वेचणाऱ्या बायायले बी दाखवला. बल्बासॉरच्या हातात देल्ला, बारकं चिन्ह येते म्हणलं ताई तुमी थे बी पाह्यलं. मंग माह्यासमोर एक लढाई केली, 16 झाला अन काहीच झालं नाही, पोट्टं डोळे मिटून बसलं होतं, मी सांगतलं उघड.

आता नवीनच झालं. ज्या जिओडूडजवळ दगड होता त्याचं नाव त्यानं ढेकूळ ठेवलं, म्हणते यानं आपल्याले दगड देल्ला, मंग याले बी मोठा होऊ द्याचा नाही. हा कितव्या लेव्हलले बदलते?

हॉस्टेलचा_पंखा
25 ले ग्रॅव्हलर. बॉल घ्या मामा.