जमिनीतून चढणारी ओल : आपापले अनुभव

जमिनीतून भिंतीत चढणाऱ्या ओलीवर कोणता उपाय लागू पडला आणि कोणता खर्च वाया गेला, हे ज्यांनी स्वतः अनुभवले आहे त्यांनी येथे सविस्तर लिहावे. छताची किंवा नळाची गळती हा निराळा विषय आहे. सुरुवात मी करतो.

आमच्या तळमजल्यावरील भिंतींचे पोपडे दरवर्षी दीड-दोन फुटांपर्यंत सुटत असत. शेवटी ओलरोधक रंग दिला, तेव्हा ओल थांबण्याऐवजी त्या रंगाच्या वर फूटभर चढून बाहेर पडली. जोत्यावरचा ओलरोधक थर, म्हणजे जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीच्या तळाशी आडवा घातलेला थर, शाबूत होता. परंतु अंगणात वेळोवेळी भर घालून फरशी बसवताना बाहेरची जमीनच त्याच्या वर गेली होती, हे एका वृद्ध गवंड्याने दाखवून दिले. भिंतीलगतची जमीन थराखाली 15 सेंटिमीटर उतरवली आणि उतार घरापासून दूर काढला. भिंत वाळण्यास वर्ष लागले, हेही सांगितले पाहिजे.

---

आमचे जुने घर चुन्यात बांधलेले असून त्यात असा थर मुळातच नव्हता. तरीही चुन्याच्या गिलाव्यातून ओल उडून जात असल्याने फारसा त्रास नव्हता. मजबुतीच्या हौसेपायी आम्ही सिमेंटचा गिलावा केला आणि कोंडलेली ओल वर सरकली. पुढे विटांच्या सांध्यात साधारण 12 सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून ओल अडवणारे रसायन भरून घेतले. तरीही डाग परतले, कारण लोणा (ओलीबरोबर आलेले क्षार) लागलेला गिलावा तसाच ठेवला होता आणि त्यातील क्षार हवेतील दमटपणा शोषून घेत होते. तो काढून पुन्हा चुन्याचा गिलावा केल्यावरच सुटका झाली.

---

लादी ओली दिसली की दोष जमिनीचाच, असे मी धरून चालले होते. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवला, तेव्हा पाणी त्याच्या वरच्या बाजूस साचले, खाली नाही! म्हणजे ते हवेतले बाष्प होते. लादी उखडण्याचा बेत रद्द करून खोलीत वारा खेळता केला.

---

नवे बांधकाम करणाऱ्यांसाठी एवढेच: आमच्याकडे थर बाहेरच्या भिंतींखाली घातला आणि आतल्या भिंती वगळल्या. आज ओल नेमकी त्याच भिंतींना आहे.