'हार्मोनायझेशन': एकरूपीकरण, सुसूत्रीकरण की आणखी काही?

प्रश्न
युरोपात इमारतींना किती ऊर्जा लागते, याचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरवरचा एक लेख मराठीत आणतेय. 'हार्मोनायझेशन ऑफ मेथड्स' पानोपानी येतं. मी 'एकरूपीकरण' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'प्रमाणीकरण' केलं. 'सुसंवाद' म्हणावं तर दोन भावांचं भांडण मिटवल्यासारखं वाटतं. काय लिहू?

प्रतिसाद १
एकरूपीकरण तर नकोच, कारण एकरूप काही झालेलंच नाही. युरोपीय संघाच्या २००२च्या निर्देशाने इमारतींना ऊर्जा-प्रमाणपत्र सक्तीचं केलं, पण हिशेबाची रीत ज्याच्या त्याच्यावर सोडली. म्हणून प्रत्येकाची गणनपद्धत वेगळी: जर्मनीत डीआयएन १८५९९, नेदरलँड्समध्ये २०२१पासून एनटीए ८८००, ब्रिटनमध्ये (निर्देश आला तेव्हा तेही संघात होतं) घरांसाठी सॅप आणि इतर इमारतींसाठी एसबेम. उत्तर बहुतेक ठिकाणी 'चौरस मीटरमागे वर्षाला इतके किलोवॅट-तास' असंच येतं, म्हणून आकडे शेजारी मांडायचा मोह होतो. पण घरापाशी आलेली एक युनिट वीज मूळ इंधनात मोजताना जर्मनी १.८ने गुणते आणि नेदरलँड्स १.४५ने. घर तेच, हीटर तोच, आकडा वेगळा.

प्रतिसाद २
गुणायचं सोडा, भागता कशाने ते बघा! चौरस मीटर म्हणजे नक्की कुठला, हे पुण्या-मुंबईत फ्लॅट घेतलेल्याला समजवायला नको. कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप. फ्रान्स घराच्या राहत्या जागेने भागतो, म्हणजे आपल्या कार्पेटच्या जवळ. जर्मनीत राहत्या इमारतीसाठी एरवी खोल्या मोजतच नाहीत. तापवलेल्या भागाचं बाहेरून घनफळ काढायचं आणि त्याला ०.३२ने गुणायचं. यात भिंतींची जाडी, जिने सगळं आलं. भाजक फुगला की भागाकार आपोआप देखणा. पूर्वी गावागणिक पायली वेगळी असे, तसलाच प्रकार.

प्रतिसाद ३
म्हणूनच माझं मत 'ताळमेळ'. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेच्या २०१७च्या ५२००० मालिकेत काय केलंय पाहा. प्रत्येक मानकाच्या परिशिष्ट 'अ'मध्ये निवडींचा कोरा तक्ता, 'ब'मध्ये सुचवलेली उत्तरं. देशाने आपली उत्तरं हवी तर वेगळी द्यावीत, पण त्याच तक्त्यात. युरोपीय निर्देशाच्या २०१८च्या दुरुस्तीने तर देशांना सांगितलं की आपली पद्धत या मालिकेतल्या पाच मानकांच्या राष्ट्रीय परिशिष्टांना धरून लिहून दाखवा. म्हणजे फरक मिटवले नाहीत, ते कुठे असू शकतात त्या जागा बांधून दिल्या. याला प्रमाणीकरण म्हणणं जरा जास्तच होईल.

शिवाय 'ताळमेळ'मधला ताळाही इथे कामाचा आहे. शाळेत भागाकाराचा ताळा करायचो, तेच सॉफ्टवेअरचं. आयएसओ ५२०१६-१ दर तासाचा हिशेब करतं. तो पडताळायला बेसटेस्ट या सॉफ्टवेअर-चाचणीतली ठरलेली खोली घेतात: ८ बाय ६ मीटर, उंची २.७, दक्षिणेला १२ चौरस मीटर काच. हलक्या बांधणीची ती ६०० क्रमांकाची, जड भिंतींची ९००. सॉफ्टवेअर कुणाचंही असो, या खोलीचं उत्तर ठरलेल्या आकड्यांच्या आसपास यायला हवं. 'व्हॅलिडेशन'ला 'वैधीकरण' लिहिलं असेल तर तेही काढा. त्याने नगरपालिकेने बांधकाम नियमित केल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद १
ताळा पटला. एक जोड: 'एनर्जी परफॉर्मन्स'ला 'कार्यक्षमता' लिहू नका. बॉयलर कार्यक्षम असूनही पत्र्याच्या घराला ऊर्जा भरमसाट लागू शकते. 'ऊर्जा-कार्यमान' रुक्ष आहे, पण चुकत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
'गणनपद्धतींचा ताळमेळ' आणि 'ताळा' घेतले, 'कार्यमान'ही. संपादकांची एकच कुरकुर आहे: शीर्षकात 'ताळमेळ' दिसला की मराठी वाचकाला पुढचा 'नाही' आपोआप ऐकू येतो. जर्मनीचं ते ०.३२ वाचल्यावर मी वाद घातला नाही.