जीझिपने डीएनएची गुंतागुंत मोजतेय, पण आकडे पटत नाहीत. मदत हवी आहे

मंडळी, कलिन्याला एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोग्रॅमिंग खरडत खरडत स्वतःच शिकलेय, त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल तर सांभाळून घ्या.

प्रोजेक्टची कल्पना साधी. जीझिप हा फाइल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम: ज्या क्रमात पुनरावृत्ती जास्त, ती फाइल जास्त दाबली जाणार. दाबून जे उरेल ते गुंतागुंतीचं माप.

ई. कोलाय के-१२ या बॅक्टेरियाचा जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) घेतला, ४६,४१,६५२ अक्षरं. शीर्षकाची ओळ काढली, मधले एंटर काढले. ए, सी, जी, टी अशी चारच अक्षरं, म्हणजे प्रत्येकी २ बिट धरले तरी ११.६ लाख बाइटांत सगळं बसतं. जीझिपने दिले १३ लाखांच्या वर! मग तीच अक्षरं पत्त्यांसारखी पिसून पुन्हा दाबली, तर आकार जवळपास तेवढाच. बाबा म्हणाले, "मग देवानेही पिसूनच वाटलेत की!"

उलट मलेरियाच्या फाल्सिपेरमचा जीनोम मस्त दाबला गेला. तो खरंच सोपा आहे, की मी भलतंच काही मोजतेय?

प्रतिसाद १
भलतंच. जीझिपला मागचं फक्त ३२ केबी आठवतं. लाखभर अक्षरांपूर्वी येऊन गेलेला तुकडा त्याच्यासाठी नवाच. एक्सझेड या तसल्याच दुसऱ्या प्रोग्रॅमची आठवण मोठी आहे, ते लावून बघ.

दुसरं म्हणजे उलटा धागा, म्हणजे डीएनएच्या जोडीतला समोरचा धागा. डाउन लोकलची स्टेशनं अप लोकलला उलट्या क्रमाने येतात, तसा एखादा तुकडा उलटा आणि ए-टी, सी-जी अदलाबदल होऊनही येतो. जीवशास्त्राच्या लेखी ती पुनरावृत्तीच, जीझिपला मात्र पत्ता नसतो. हे ओळखणारं बायोकॉम्प्रेस १९९३ सालीच आलं.

फाल्सिपेरममध्ये ए-टी ८० टक्क्यांच्या आसपास आहे. नुसत्या त्या प्रमाणानेच अक्षरामागे २ चे १.७ बिट होतात, पुनरावृत्ती असो वा नसो. म्हणून दोन जीवांची थेट तुलना नको. प्रत्येकाची त्याच्याच पिसलेल्या फाइलशी कर.

धागाकर्ती
केलं! फाल्सिपेरम पिसल्यावरही ई. कोलायपेक्षा चांगलाच दाबला जातोय. मी आठवडाभर ए-टीचं प्रमाणच मोजत बसले होते तर. गाईडना कळायच्या आत आलेख बदलते.

आता उलटा धागा ओळखणारं, ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालेल असं काही सुचवा ना.

प्रतिसाद २
जेको बघ. बॅक्टेरियाच्या जीनोमला तेवढी रॅम पुरते, फक्त मॉडेल हलकं निवड.